गळा आणि गाणं : बिली हॉलिडेवरून चाललेलं भांडण

जॅझ ऐकणाऱ्या दोन माणसांत भांडण लावायचं असेल तर फार कष्ट पडत नाहीत. बिली हॉलिडेची १९५८ सालची 'लेडी इन सॅटिन' ही रेकॉर्ड लावायची आणि गंमत बघत बसायचं. एकजण डोळे मिटून घेईल. दुसरा पाच मिनिटांत वैतागून म्हणेल, "बंद कर रे ते. आवाज संपलाय बाईंचा, ऐकू येत नाही का?" आणि दोघंही वर्षानुवर्षं जॅझ ऐकणारे असतील, दोघांकडेही तिच्या जुन्या रेकॉर्ड्स असतील. साठाहून जास्त वर्षं झाली, हा वाद काही मिटत नाही.

जॅझशी तुमचा संबंध फक्त कॉफी शॉपमधल्या स्पीकरपुरता असेल तरी हरकत नाही, वाचा. मामला ओळखीचा आहे. 'गळा गोड आहे हो, पण गाणं नाही' असं आपल्याकडे कुणीही सहज बोलून जातं. जॅझवाल्यांचं भांडण नेमकं ह्याच दोन शब्दांमधलं आहे. फक्त त्यांनी त्यात तिसरी एक भानगड आणून ठेवली : गाणाऱ्याने वाद्यासारखं गायला पाहिजे की नाही?

ही भानगड आली कुठून ते आधी बघू. जॅझ हे मुळात वाजवणाऱ्यांचं राज्य. तीसच्या दशकातल्या मोठ्या बँडांमध्ये गायिका म्हणजे स्टेजच्या कडेला खुर्चीवर झगमगीत गाऊन घालून बसलेली मुलगी. आपली वेळ आली की उठायचं, माईकसमोर एक फेरी गायची, परत जागेवर. त्यांना 'कॅनरी' म्हणत, पिंजऱ्यातला पक्षी! वाजवणाऱ्या पुरुषमंडळींच्या लेखी ती शोभेची वस्तू. मग अशा ठिकाणी एखाद्या गायिकेचं कौतुक करायचं तर सगळ्यात मोठी शाबासकी कुठली? 'ही ट्रम्पेटसारखी गाते.' म्हणजे तू आमच्यातलीच. कौतुक खरं आहे, पण मोजपट्टी कुणाची आहे तेही बघा.

ह्या मोजपट्टीचा जनक लुई आर्मस्ट्राँग. त्याचा आवाज म्हणजे खडीवरून गाडी नेल्यासारखा. कुठल्याही संगीत शाळेने दारातूनच परत पाठवला असता. पण ट्रम्पेट वाजवताना तो स्वर जिथे ठेवायचा, नेमका तिथेच गाताना शब्द ठेवायचा. १९२६ साली शिकागोत त्याने 'हीबी जीबीज' रेकॉर्ड केलं, त्यात मध्येच शब्द सोडून नुसती निरर्थक अक्षरं गायली. ह्यालाच स्कॅट म्हणतात. गाण्याचा कागद हातातून पडला म्हणून तसं झालं अशी एक लाडकी दंतकथा आहे. जेली रोल मॉर्टनला मात्र स्कॅटचं श्रेय लुईला जातं हे अजिबात मान्य नव्हतं. हे आम्ही फार आधीपासून करत होतो, असं त्याने १९३८ साली मुलाखतीत ठणकावून सांगितलं. (श्रेयाची भांडणं फक्त आपल्या ऑफिसातच होतात असं नाही.)

दुसरी गोष्ट घडली ती तंत्रज्ञानामुळे, आणि इथे माझ्यातला इंजिनियर गप्प बसणं शक्य नाही. १९२५ च्या सुमारास रेकॉर्डिंग विजेवर, म्हणजे माईकवर होऊ लागलं. त्याआधी बेसी स्मिथसारख्या गायिका नुसत्या छातीच्या जोरावर अख्खं थिएटर भरून टाकत. माईक आल्यावर कानाशी कुजबुजल्यासारखं गाता येऊ लागलं. बिंग क्रॉस्बीने ते हेरलं आणि मग सगळ्यांनीच. लहान आवाज ही अडचण उरली नाही.

आणि बिलीचा आवाज लहानच होता. जन्म १९१५, फिलाडेल्फिया. वाढली बाल्टिमोरमध्ये, विलक्षण गरिबीत. शिक्षण असं काही नाही. आवाजाचा पल्ला जेमतेम एका सप्तकापेक्षा थोडा जास्त. १९३३ मध्ये जॉन हॅमंड नावाच्या श्रीमंत घरच्या, जॅझवेड्या निर्मात्याने तिला हेरून पहिलं रेकॉर्डिंग करवलं. हे हॅमंडचं नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे. १९३५ पासून तिने पियानोवादक टेडी विल्सनच्या बँडबरोबर ज्या रेकॉर्ड्स केल्या त्या मुख्यतः ज्यूकबॉक्ससाठी होत्या. गाणीही बरीचशी अशीतशीच, बाजारात आलेली आठवड्याची भाजी म्हणावी तशी.

आता ती काय करायची ते ऐका. चाल वर-खाली उड्या मारणारी असली तर बिली त्यातल्या बऱ्याच उड्या सपाट करून टाकायची आणि मोजक्या स्वरांत ती बसवायची. वरचे स्वर नव्हते म्हणून? असेलही. पण त्या बदल्यात तिने जे केलं ते लयीत केलं. ठोका पडून गेल्यावर शब्द आरामात मागून येतो, इतका मागून की वाटतं आता चुकली. मग ओळीच्या शेवटी ती बरोबर गाठ घालते. आपल्या भाषेत सांगायचं तर हा जिटर नव्हे, ही ठरवून दिलेली लेटन्सी आहे. बँड खाली आपल्या घड्याळावर चाललाय, वर ती स्वतःच्या घड्याळावर, आणि दोन्ही घड्याळं कधी जुळवायची हे फक्त तिला ठाऊक. १९३५ चं 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' काढून ऐका. बँड धावत सुटलाय आणि ही बाई जिना उतरतेय सावकाश. १९३७ पासून लेस्टर यंगचा सॅक्सोफोन तिच्या मागे आला, तेव्हा तर दोन माणसं एकमेकांचं वाक्य पूर्ण करत बोलताहेत असं वाटतं. ती स्वतः म्हणायची की मला गातेय असं वाटतच नाही, वाद्य वाजवतेय असं वाटतं. म्हणजे मोजपट्टी तिनेही मान्य केली होती.

आता दुसरी बाजू. १६ जानेवारी १९३८ च्या रात्री हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये चिक वेब आणि काउंट बेसी ह्यांच्या बँडांचा सामना रंगला. वेबकडे गायिका होती वीस वर्षांची एला फिट्झजेराल्ड, आणि बेसीकडे बिली. जिंकलं कोण? निकालावर तेव्हाच्या मासिकांचंसुद्धा एकमत झालं नाही. मला हे फार आवडतं. वाद सुरू झाला तोच मुळी अनिर्णित.

एलाकडे बिलीकडे नसलेलं सगळं होतं. सुरेल म्हणजे किती सुरेल, पल्ला तीन सप्तकांच्या आसपास, आणि चाळीसच्या दशकात बीबॉप आलं तेव्हा त्यातल्या अवघड उड्या स्कॅटमध्ये अशा काही मारल्या की भले भले वाजवणारे तोंडात बोटं घालू लागले. १९६० मध्ये बर्लिनच्या मैफिलीत 'मॅक द नाइफ' गाताना ती शब्द विसरली. विसरली तर विसरली, तिथल्या तिथे नवे शब्द जुळवत, आपण विसरलोय हेही गाण्यातच सांगत शेवटपर्यंत नेलं. त्याला ग्रॅमी मिळालं!

तरी तिच्यावर आक्षेप आहेच : दुःखाचं गाणंसुद्धा ही पिकनिकला निघाल्यासारखी गाते. शब्दांचा अर्थ तिला लागतच नाही. मला हा आक्षेप चीड आणतो. एलाचं बालपण काही साखरेत घोळलेलं नव्हतं. आई लवकर गेली, सुधारगृहात दिवस काढले, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर राहिली. त्यातून आलेल्या माणसाने आनंदाने गायचं ठरवलं तर तो उथळपणा कसा? पण श्रोत्याला जखम दिसायला हवी असते. जखम झाकली की म्हणतात, भावना नाही.

एलाचा रस्ता पुढे ताणला की पोचतो बेटी कार्टरपाशी. ती गाणं मोडून, उलटंपालटं करून इतकं नवं करायची की मूळ चाल शोधत बसावं लागे. कारमेन मॅकरे स्वतः पहिल्या फळीची गायिका, पण तिचं म्हणणं की खरी जॅझ गायिका एकच, बेटी कार्टर. म्हणजे आयत्या वेळी नवं रचलं नाही तर जॅझ नाही. मग सिनात्राचं काय? तो स्कॅट करायच्या भानगडीत फारसा पडला नाही. चाल बहुतेक सरळ ठेवायचा. पण १९५६ मध्ये लेनर्ड फेदरने जॅझ वाजवणाऱ्यांचाच कौल घेतला तेव्हा गायकांत तो पहिला आला. समीक्षक म्हणत होते 'पॉप', वाजवणारे म्हणत होते 'आमचा'. आणि सिनात्रा म्हणत होता, मी शिकलो ते बिलीकडून.

कुंपण नक्की कुठे घालायचं ह्याचं आणखी एक उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. आशा पुथली, मुंबईत वाढलेली, हिंदुस्थानी संगीत शिकलेली. ती न्यूयॉर्कला गेली आणि जॉन हॅमंडमार्फत (बघा, आला परत!) ऑर्नेट कोलमनपर्यंत पोचली. त्याच्या 'सायन्स फिक्शन' ह्या १९७२ साली आलेल्या अल्बममध्ये दोन गाणी तिची आहेत. तिथे ना स्कॅट, ना ब्लूज, आणि खाली धरायला नेहमीची तालाची चौकटही नाही. तरी ते जॅझ आहे ह्यावर कुणी शंका घेतली तर त्याला शांतपणे 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह' ऐकवावं. उलट २००३ मध्ये नोरा जोन्सने ग्रॅमींची रास घरी नेली तेव्हा ब्लू नोट ह्या खानदानी जॅझ कंपनीचा शिक्का असूनही 'हे कसलं जॅझ' म्हणून केवढी ओरड झाली होती.

असो. बिलीकडे परत येऊ, कारण खरा गुंता तिथेच आहे.

१९३९ मध्ये तिने 'स्ट्रेंज फ्रूट' गायलं. दक्षिणेत झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांवरचं गाणं. तिची कंपनी कोलंबिया रेकॉर्ड करायला तयार होईना, म्हणून ते कमोडोर नावाच्या छोट्या कंपनीने केलं. ह्या गाण्यात लयीचे खेळ जवळपास नाहीत. शब्द एकेक करून समोर ठेवलेत. हॅमंडला ते आवडलं नाही. ह्या गाण्याने तिच्यातली कलावंत बिघडली असं त्याचं मत होतं. त्याला हवी होती ती ज्यूकबॉक्सवाली, खेळकर बिली. मला हॅमंडचं म्हणणं पटत नाही. कुणी काय गावं हे शोधणाऱ्याने ठरवायचं नसतं. पण एक गोष्ट त्याने बरोबर ओळखली असावी : इथून पुढे लोक बिलीचं गाणं कमी आणि बिलीची कहाणी जास्त ऐकू लागले.

कहाणीही तशीच. १९४७ मध्ये अमली पदार्थांवरून तुरुंगवास. सुटून आली तर न्यूयॉर्कचं कॅबरे कार्ड गेलेलं. म्हणजे दारू मिळते अशा क्लबात गायला बंदी, आणि जॅझचे क्लब म्हणजे सगळे तेच. हेरॉइन, दारू, मारहाण करणारे पुरुष. १९५८ च्या फेब्रुवारीत ती 'लेडी इन सॅटिन'साठी स्टुडिओत आली तेव्हा आवाज खरंच चिरफाळलेला होता. वय फक्त बेचाळीस. पुढच्या वर्षी १७ जुलैला ती गेली, हॉस्पिटलच्या खाटेवर, अटकेत असताना.

ह्या रेकॉर्डवर शुद्धतावाद्यांचा पहिला राग व्हायोलिनांवर. एवढा मोठा तंतुवाद्यांचा ताफा, शिवाय कोरस, कंपनीने तिच्या गळ्यात बांधला असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट आहे. व्हायोलिनं तिलाच हवी होती, १९४४ मध्ये 'लव्हर मॅन'च्या वेळीही तिनेच हट्टाने मागितली होती. ह्यावेळी संयोजक रे एलिसचं काम ऐकून तिनेच त्याला निवडलं. एलिस बिचारा रेकॉर्डिंगच्या वेळी हताश झाला होता. मनात जुनी बिली, समोर ही. पुढे मिक्स ऐकताना त्याचं मत पालटलं. आपण संगीत ऐकत होतो, भावना ऐकत नव्हतो, असं त्याने सांगितलं. आणि माइल्स डेव्हिस, जो उगाच कुणाला गोड बोलणाऱ्यांतला नव्हता, त्याने त्याच वर्षी मुलाखतीत सांगितलं की मला आत्ताची बिलीच जास्त आवडते.

एलिसचं वाक्य सगळे उचलून धरतात. मला त्याचीच अडचण वाटते. 'आवाज गेलाय पण काय ती वेदना!' हे कौतुक आहे असं आपण समजतो. प्रत्यक्षात ते म्हणतं की बाई गात नव्हती, नुसती भोगत होती आणि माईक चालू होता. ज्यांना रेकॉर्ड सहन होत नाही आणि ज्यांना ऐकून रडू येतं, ते दोघंही फक्त गळा ऐकताहेत. एकाला तो फाटलेला म्हणून नको, दुसऱ्याला फाटलेला म्हणूनच हवा. गाणं कुणी ऐकायचं?

'आय ॲम अ फूल टू वाँट यू' लावा आणि आवाजाचा पोत दोन मिनिटं बाजूला ठेवून फक्त शब्द कुठे पडतात ते मोजा. ठोक्याच्या किती मागे, कुठल्या शब्दावर थांबते, कुठला चटकन टाकून पुढे जाते. १९३५ ची तीच कारागिरी आहे, एवढंच की आता मागे पळणारा बँड नाही, सावकाश हलणारी व्हायोलिनं आहेत, त्यामुळे जागा जास्त आणि धोकाही जास्त. पल्ला गेला, धार गेली, दम गेला. घड्याळ शाबूत.

पुरावा हवा असेल तर तोही आहे. २०१५ मध्ये तिच्या जन्मशताब्दीला ह्या अल्बमची तीन सीडींची आवृत्ती निघाली, त्यात वापरात न आलेले टेक्स दिलेत. सगळे ऐकायला मला दोन शनिवार लागले, आणि बायकोने दुसऱ्या शनिवारी हेडफोन हातात आणून दिले :) 'द एंड ऑफ अ लव्ह अफेअर' हे गाणं तिला नीट येत नव्हतं. वाद्यवृंदाचा ट्रॅक आधी करून ठेवला, तिने त्यावर नंतर आवाज घातला. तिथे ती चाचपडते, ओळ परत घेते, शब्द कधी अलीकडे कधी पलीकडे ठेवून बघते, नाही जमलं की पुन्हा पहिल्यापासून. अगदी शेवटच्या काळातली, आजारी, पण तिला तो एक शब्द जिथे हवाय तिथे बसेपर्यंत ती सोडत नाही.