सासवड

सासवड : पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याचे मुख्य ठिकाण व नगरपरिषदेचे गाव. पुण्याच्या आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटरांवर, दिवे घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या पठारी मुलखात, कऱ्हा नदीच्या तीरावर ते वसले आहे. पुरंदर किल्ल्याच्या सान्निध्यामुळे आणि वतनदार पुरंदरे घराण्याच्या वास्तव्यामुळे पेशवाईच्या उदयकाळी या कसब्यास विशेष महत्त्व आले. भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये येथेच निवर्तले. संत सोपानदेवांची समाधी, कऱ्हाकाठचे संगमेश्वराचे पुरातन देवालय आणि पुरंदऱ्यांचा गढीवजा वाडा ही येथील प्रमुख स्थळे होत. आचार्य अत्र्यांचे बालपण याच परिसरात गेले व आपल्या आत्मचरित्राचे नाव त्यांनी या नदीवरूनच घेतले. २०१४ साली येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आसपासची अंजिराची व सीताफळाची पैदास प्रसिद्ध आहे.

अलीकडच्या काळात मात्र या गावाचा लौकिक एका निराळ्याच कारणाने देशभर पसरला, आणि तो इतिहासाच्या पुण्याईवर मिळालेला नसल्यामुळे त्याची नोंद अधिक आस्थेने घेतली पाहिजे. २०१६ मध्ये ७३ शहरांपुरती सुरू झालेली केंद्र सरकारची ‘स्वच्छ सर्वेक्षण’ ही स्पर्धा पुढे देशातील चार हजारांहून अधिक नागरी वस्त्यांपर्यंत विस्तारली. एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांत सासवडने २०२० साली कराडच्या पाठोपाठ दुसरा, २०२१ साली विटा व लोणावळ्यानंतर तिसरा क्रमांक मिळविला. २०२२ साली पाचगणी पहिली आली तेव्हा पहिल्या तिघांत सासवडचे नाव नव्हते. आणि २०२३ च्या सर्वेक्षणाचा निकाल ११ जानेवारी २०२४ रोजी जाहीर झाला तेव्हा हेच गाव आपल्या गटात पहिले ठरले. एकदा मागे पडूनही कामाचा जोर न ओसरू देणे, हे आमच्या मते पहिल्या क्रमांकाहूनही मोलाचे आहे.

या परीक्षेचे स्वरूप केवळ रंगविलेल्या भिंतींनी व चौकातल्या फुलझाडांनी उत्तीर्ण होण्यासारखे नाही. सुशोभीकरणास तीत स्थान आहे खरे. परंतु २०२३ च्या एकूण ९५०० गुणांपैकी ४८३० गुण घरोघरचा कचरा गोळा करणे, ओला व सुका वेगळा ठेवणे आणि त्याची विल्हेवाट लावणे अशा सेवांच्या प्रगतीस, २५०० गुण कचरामुक्ती व हागणदारीमुक्तीच्या प्रमाणपत्रांस आणि २१७० गुण नागरिकांच्या अभिप्रायास व सहभागास होते. म्हणजे नगरपरिषदेचा दप्तरी कारभार कितीही चोख असला, तरी स्वयंपाकघरातील भाजीची देठे आणि प्लास्टिकची पिशवी घंटागाडीत निरनिराळी टाकण्याचा नेम गृहिणीपासून हॉटेलवाल्यापर्यंत सर्वांनी पाळल्यावाचून हे गुण पदरी पडत नाहीत.

सासवडला तर याची निकड अधिक. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असून कऱ्हेला वर्षातील बरेच महिने वाहते पाणी नसते. अशा नदीच्या पात्रात टाकलेली घाण वाहून न जाता जेथल्या तेथे साचते. त्यात आषाढी वारीची भर पडते. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला येते व प्रथेप्रमाणे येथे दोन मुक्काम करते. सोपानदेवांची पालखीही येथूनच पंढरीस प्रस्थान ठेवते. लाखो वारकऱ्यांचे पाणी, शौचकूप आणि पत्रावळी यांची व्यवस्था लावणे ही लहान नगरपरिषदेची केवढी कसोटी आहे, हे मुक्काम हलल्यानंतरच्या सकाळी हातात खराटा घेणाऱ्या सफाई कामगारांना कोणाहूनही अधिक ठाऊक असते. स्पर्धेतील यशाचा पहिला मान त्यांचा आहे, आणि गौरवाच्या फलकांवर तो ठळकपणे लिहिला जावा, अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे.

२०२४-२५ च्या सर्वेक्षणात पूर्वी अग्रस्थानी राहिलेल्या शहरांची ‘सुपर स्वच्छ लीग’ ही स्वतंत्र श्रेणी करण्यात आली. तिच्या २० ते ५० हजार लोकवस्तीच्या गटात विटा, देवळाली प्रवरा आणि राजस्थानातील डुंगरपूर यांच्यासमवेत सासवडचा समावेश झाला. १७ जुलै २०२५ रोजी नवी दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते या स्पर्धेचे सन्मान देण्यात आले.