ऑब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कॅथलिक धर्मभगिनींचा पहिला चिरस्थायी संघ. मेरीलँड राज्यातील बॉल्टिमोर शहरात २ जुलै १८२९ रोजी त्याची स्थापना झाली.

सँ-दोमँग (आजचे हैती) येथील उठावानंतर १७९३ पासून तेथील अनेक फ्रेंच भाषक निर्वासित बॉल्टिमोरला आले. त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबेही होती. मेरीलँडमध्ये तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी सरकारी शाळा नव्हत्या. क्यूबातून आलेल्या एलिझाबेथ लँग आणि त्यांची मैत्रीण मारी बालास या घरीच मुलांना विनामूल्य शिकवीत. सल्पीशियन संघाचे धर्मगुरू जेम्स जूबेर हे निर्वासित कृष्णवर्णीयांच्या मुलांना धर्मशिक्षण देत. पण त्या मुलांना वाचता येत नसल्याने पाठ पुढे सरकेना. म्हणून १८२८ मध्ये जूबेर यांनी लँग आणि बालास यांच्याकडे मुलींची शाळा सोपवली. पुढल्याच वर्षी लँग, बालास, रोझीन बोग आणि तेरेझ द्युशमँ यांनी व्रते घेतली. लँग पहिल्या मठप्रमुख झाल्या. १८३१ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी संघाला मान्यता दिली.

वाचन-लेखन व धर्मशिक्षणाबरोबर मुलींना शिवणकामही शिकवले जाई. १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत भगिनींनी शहराच्या अनाथ-दरिद्रालयात रुग्णसेवा केली. १८३५ मध्ये सेंट मेरीज सेमिनरी या धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेने घरकामासाठी भगिनी मागितल्या, तेव्हा कृष्णवर्णीय आणि व्रतस्थ अशा दोन्ही नात्यांनी योग्य तो मान राखला जावा, असे लँग यांनी लेखी कळवले.

१८४३ मध्ये जूबेर वारले आणि संघाचा आधार गेला. आर्चबिशप एक्लस्टन यांचा पाठिंबा नव्हता. विद्यार्थिनी घटल्या, भगिनींनी धुणे, इस्त्री, शिवण करून गुजराण केली. १८४७ मध्ये रिडेम्प्टरिस्ट संघाचे धर्मगुरू थॅडियस अनवॉन्डर यांनी मार्गदर्शक म्हणून सूत्रे घेतल्यावर संघ सावरला आणि १८५२ मध्ये मुलग्यांची शाळाही निघाली. बॉल्टिमोरमध्ये कृष्णवर्णीयांसाठी सरकारी शाळा सुरू झाल्या त्या अमेरिकी यादवी युद्धानंतर.

१८७१ मध्ये मठ व शाळा चेस स्ट्रीटवर आल्या. सेंट फ्रान्सिस अकॅडमी ही शाळा तेथे आजही चालू असून तिथे आता मुलगेही शिकतात. पुढे संघाचे काम सेंट लुईस आणि क्यूबापर्यंत पोहोचले. १९६१ पासून मुख्य मठ शहराबाहेर कॅटन्सव्हिल येथे आहे. लँग ३ फेब्रुवारी १८८२ रोजी निवर्तल्या. संतपदाच्या प्रक्रियेत २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘पूजनीय’ घोषित केले.