सुपारी कुणाची, गाणं कुणाचं?

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२० सेजविक अॅव्हेन्यू नावाची एक इमारत. तिथल्या भाडेकरूंच्या सामाईक हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी तिला नवे कपडे घ्यायचे होते आणि पैसे हवे होते. म्हणून प्रवेशाला पैसे: मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. जगभर हिप हॉपचा वाढदिवस म्हणून हीच तारीख धरतात.

म्हणजे बारशालाच तिकीट होतं.

हे आधी सांगायचं कारण, 'हिप हॉपचा आता धंदा झाला, अर्थ उरला नाही' ही तक्रार. अमेरिकेत ती कित्येक दशकं चालू आहे आणि मराठी रॅपला नीट मिसरूड फुटायच्या आत ती आपल्याकडेही सुरू झाली. तक्रार करणाऱ्याच्या डोक्यात एक चित्र असतं: आधी शुद्ध काळ होता, मग पैसा आला, मग सगळं बिघडलं. पण पैसा पहिल्या रात्रीपासून होता. विचारायचंच असेल तर असं विचारावं, की पैसे देतं कोण, आणि ज्याने शब्द रचले त्याच्या हातात काय पडतं?

परभणीसारख्या जिल्ह्यातून हा प्रश्न जास्त स्वच्छ दिसतो. आपल्याकडे गाण्याचे पैसे ठरवायची पद्धत जुनी आहे आणि तिला शब्दही आहे: सुपारी. बँडवाला सुपारी घेतो, ऑर्केस्ट्रावाला घेतो, तमाशाचा फड घेतो. सुपारी घेतली की तारीख पक्की. हिंदी सिनेमाने या शब्दाला रक्त लावलं ते नंतर.

गोंधळ्यांचंही तसंच. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम हे या कलेतलं मोठं नाव. गोंधळ कधी पाहिला नसेल तर थोडक्यात सांगतो. संबळ, तुणतुणं, झांज, हातात पेटती दिवटी. आधी देवदेवतांना आमंत्रण, मग आख्यान. मुख्य गोंधळी संबळाच्या ठेक्यावर भरधाव बोलतो, त्यातूनच गाण्यात शिरतो. साथीदार मध्येच अडवून भोळा प्रश्न टाकतो आणि त्याचं उत्तर देता देता गावातल्या ताज्या भानगडीवर टोला बसतो. गोंधळ हा रॅपचा बाप, असं म्हणायचा मोह अनेकांना होतो. मला होत नाही. कूल हर्क जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मला, ती बोलण्याची आणि साउंड सिस्टिमची तऱ्हा तिकडून आली. नातं रक्ताचं नाही. साम्य आहे ते व्यवहारातलं. गोंधळाची सुपारी देणारं घर स्वतः समोर बसून रात्रभर ऐकतं. ज्याच्या खिशातून पैसे, त्याच्याच कानावर गाणं. न आवडलं तर तो तिथेच जांभई देतो.

आता दुसरी गोष्ट, नावाची. जनाबाई गंगाखेडची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. नामदेवांच्या घरची दासी. तिच्या अभंगांच्या शेवटी तिचं नाव येतं, कधी नुसतं, कधी नामदेवांशी जोडून. याला नाममुद्रा म्हणतात. ना छापखाना, ना कायदा, आणि रचणारी बाई, तीही दासी. तिने नाव ओळीच्या आत, मात्रांमध्ये विणून टाकलं. ते काढायचं तर ओळ मोडते. सातशे वर्षांनंतर जात्यावर बसलेल्या बाईलाही कळत होतं की हे जनीचं आहे. रॅपर गाण्याच्या सुरुवातीला किंवा अधेमध्ये आपलं नाव घेतो, त्याला लोक मिजास म्हणतात. मिजास असेलही, पण ते जुनं संरक्षणही आहे.

ते का लागतं, याचा सगळ्यात भारी पुरावा हिप हॉपच्याच इतिहासात आहे. १९७९ साली शुगरहिल गँगचं 'रॅपर्स डिलाइट' आलं. रॅपचं पहिलं मोठं व्यावसायिक यश ते हेच. न्यू जर्सीत सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंनी रेकॉर्ड कंपनी काढली होती आणि त्यांना रॅप करणारी पोरं हवी होती. बिग बँक हँक नावाचा पोरगा पिझ्झाच्या दुकानात काम करायचा. त्याने ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझची वही मागून घेतली आणि त्यातले शब्द जसेच्या तसे म्हटले. इतके जसेच्या तसे, की कॅझने स्वतःचं टोपणनाव अक्षर अक्षर सुटं करून ओळीत बसवलं होतं, तेही हँकने स्वतःचं म्हणून म्हटलं. रेकॉर्ड तुफान खपली. कॅझला ना श्रेय मिळालं ना पैसे. गाण्यात मात्र आजही त्याचं नाव ऐकू येतं. चोरी पकडून देणारी अशी नाममुद्रा दुसरी मला माहीत नाही.

मग धंदेवाईक कंपनी वाईट, रस्त्यावरची पोरं चांगली, असं म्हणून मोकळं व्हावं? तेही जमत नाही. १९८२ मध्ये त्याच कंपनीने 'द मेसेज' काढलं. झोपडपट्टीतलं जगणं, फुटक्या काचा, उंदीर, वसुलीवाल्यांची भीती. 'अर्थ असलेलं रॅप' म्हटलं की सगळे आधी याच गाण्याकडे बोट दाखवतात. गाण्यावर नाव ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या टोळीचं, पण बराचसा मजकूर एड फ्लेचर या कंपनीतल्याच वादकाचा. आणि गंमत अशी, की फ्लॅशला हे गाणं नकोच होतं. लोक नाचायला येतात, त्यांना घरचंच रडगाणं कोण ऐकवणार, असा त्या टोळीचा हिशेब. हट्ट धरला तो सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी, म्हणजे मालकिणीने. ज्या कंपनीने कॅझचे शब्द फुकट वापरले, तिनेच हे गाणं जगासमोर आणलं.

ब्राँक्सची ती पार्टी झाली त्याच्या आदल्या वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर सुरू झाली होती. नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. पण आपल्याकडे शब्द आणि ठेका लढाईला जुंपायचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. सत्यशोधक जलसे, मग भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा, मग वामनदादा कर्डक. वामनदादा १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि मग त्यांनी हजारोंनी गाणी रचली. दहा हजारांचा आकडा सांगतात. खांद्याला झोळी, आज या वस्तीत, उद्या त्या. जलशाला वस्ती वर्गणी काढायची. रुपया, दोन रुपये, शेरभर ज्वारी. इथेही पैसे देणारा समोर मांडी घालून बसलेला. आणि शेवटच्या कडव्यात नाव: वामन.

मराठवाड्यात या गाण्यांना काय वजन होतं ते नामांतराच्या काळात दिसलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. परभणी जिल्ह्यातही. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं मोर्चात, सभेत, जयंतीच्या मांडवात गाणं होतं. ते ऐकायला वर्तमानपत्र लागत नव्हतं, वाचता यावं लागत नव्हतं.

त्याच सुमारास कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने कॅसेटी स्वस्त केल्या आणि भीमगीतं घराघरात गेली. प्रल्हाद शिंदे भीमगीतं गात, विठ्ठलाची गाणी गात, कव्वालीही गात. सगळ्याच कॅसेटी खपत. शुद्धतेची तक्रार करणारे तेव्हाही असणारच. पण कॅसेटचा गिऱ्हाईक कोण होता? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेला, १४ एप्रिलला जयंतीच्या गर्दीत ठेल्यापाशी उभा राहिलेला माणूस. पैसे त्याच्याच खिशातले. बाजार खरा होता, पण बाजारात ऐकणाराच राजा होता. नुकसान झालं ते दुसऱ्या टोकाला: लिहिणाऱ्याला सहसा एकरकमी काहीतरी देऊन मोकळं करत, वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा. शेवटच्या कडव्यातलं नाव तेवढं कुणी खोडू शकलं नाही.

आता आजच्या मोबाइलवर या. परभणीतला एखादा पोरगा रॅप करतो म्हणजे काय करतो? नेटवरून बीट भाड्याने घेतो. 'भाड्याने' हा शब्द नीट वाचा: स्वस्तातल्या परवान्यात किती वेळा वाजलं तर चालेल याची मर्यादा असते, आणि तीच बीट आणखी शंभर जणांकडे असू शकते. मित्राच्या खोलीत आवाज भरतो. वर्षाची फी भरून एखाद्या वितरकामार्फत गाणं सगळीकडे चढवतो. आणि मग पैसे? स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला काहीच नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा हवा तर हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तासांचं प्रेक्षण, नाहीतर नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज.

माझ्या मते खरा बदल इथे झाला. रॅप विकलं गेलं हा बदल नव्हे, ऐकणारा पैसे देईनासा झाला हा बदल. आपण बहुतेक जण फुकट ऐकतो. सुपारी देतो जाहिरातदार, आणि तो मांडवात कधीच बसलेला नसतो. त्याला गाण्यातल्या शब्दांशी देणंघेणं नाही, फक्त आपल्या साबणाशेजारी काही 'वादग्रस्त' नको. म्हणून यूट्यूबच्या नियमांत संवेदनशील घटना, हिंसा, मृत्यू यांवरच्या व्हिडिओवरच्या जाहिराती कमी होऊ शकतात किंवा थांबू शकतात. कुणी गाणं बंद करत नाही, नुसते त्याचे पैसे आटतात.

यावर 'मग ती प्रेमाची, साडीची गाणीच सगळा घोळ करतात' असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये देशभर वाजलं. नाचायचं गाणं हे बिनअर्थाचं गाणं, हा हिशेब मराठीत तरी कुणी मांडू नये. लावणीचं काय करणार मग?

आणि बाजाराने मराठी रॅप बोथट केलं, हे तर घटनाच खोटं पाडतात. 'गल्ली बॉय' फेब्रुवारी २०१९ मध्ये आला, कंपन्या पाकिटं घेऊन धावल्या. त्याच वर्षी 'स्वदेसी' या मुंबईच्या गटाने आरेच्या जंगलासाठी, तिथल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन, 'द वारली रिव्होल्ट' केलं. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर त्याच्या खोक्यांवरच्या रॅपसाठी अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. गाण्यात कुणाचं नाव नव्हतं. त्याच महिन्यात 'भोंगळी केली जनता' म्हणणाऱ्या उमेश खाडेवर मुंबईत गुन्हा. ज्या गाण्यात अर्थ नाही त्याच्यावर पोलीस कलम लावत नाहीत. दोन्ही पोरं मोठ्या कंपनीची नव्हती, त्यामुळे वकीलही कंपनीचा नव्हता.

आता परभणी. १० डिसेंबर २०२४ ला रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग धरपकड. पकडलेल्यांत कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांचा उल्लेख आला. गुन्हा नोंदवा, असा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिला तो जुलै २०२५ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

या शहरातल्या अठरा वर्षांच्या पोराने यावर गाणं रचायचं ठरवलं तर त्याच्यासमोरचा हिशेब आता तुम्हाला माहीत आहे. जाहिरातदार देणार नाही. पोलीस ठाण्याची भीती घरचे घालतील, आणि ती खोटी नाही. अर्थ उरलाय की नाही ही त्याची अडचणच नाही. अडचण आहे सुपारीची. ती देणारं एक ठिकाण मात्र अजून शाबूत आहे: जयंती मंडळ. १४ एप्रिलच्या मंचावर भीमगीतांच्या जोडीला आता रॅपरही दिसतात. मंडळ वर्गणी काढतं, पावती फाडतं, आणि पावती फाडलेला माणूस पहिल्या रांगेत बसून ऐकतो. डीजेच्या भिंतीवर जेवढा खर्च होतो त्याच्या दहाव्या हिश्शात अशा दोन पोरांची सुपारी निघेल. मंडळाच्या पोरांनी हे वाचलं तर बरं.

आणखी एक काम त्या पोराने स्वतः करायचं आहे, आणि ते फॉर्म भरण्याचं आहे. वितरकाकडे गाणं चढवताना 'गीतकार' असा एक रकाना असतो. घाईत कुणी तो रिकामा ठेवतं, कुणी गटाचं नाव टाकतं. तिथे आधार कार्डावरचं पूर्ण नाव लिहायचं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याने स्वतः सोडतो म्हटलं तरी बाहेरच्या कंपनीला लिहून देता येत नाही. तो गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे. गाण्याच्या आत नाममुद्रा, आणि बाहेर या रकान्यात. दोन्हीकडे.

वामनदादा १५ मे २००४ ला गेले. कायदा आठ वर्षांनी बदलला.