नियमाचे मोल कोणी द्यावे?

भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखात गोठ्यातील जनावर ही शेतकऱ्याची अडीनडीची ठेव असते. २०२२ साली लंपी त्वचारोगामुळे राज्यभरातील जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा ही ठेव मोडणेही अवघड होऊन बसले. नियम आवश्यकच होता. शासनाने मृत दुभत्या जनावरामागे ३० हजार, बैलामागे २५ हजार व वासरामागे १६ हजार रुपये मदत ठरविली. थांबलेल्या विक्रीचा तोटा मात्र त्या हिशेबात नव्हता.

डुकरे पाळणाऱ्यांचा इतिहास याहून कडू आहे. २००९ साली ‘स्वाइन फ्लू’ या नावानेच त्यांचा घात केला. त्या साथीचा भारतातील पहिला बळी ३ ऑगस्ट रोजी आपल्याच पुण्यात गेला. वास्तविक हा रोग माणसाकडून माणसाकडे पसरत होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ३० एप्रिललाच ते नाव सोडले होते. परंतु आदल्याच दिवशी इजिप्तने देशातील सुमारे तीन लक्ष डुकरे मारण्याचा हुकूम काढला. कैरोतील कचरा वेचणारे झब्बालीन हे बहुतांशी कॉप्टिक ख्रिस्ती. शहराचे खरकटे डुकरांना घालून ते पोट भरीत. त्यांची मिळकत बुडाली, रस्त्यांवर कचरा साचला. आणि साथ इजिप्तमध्ये आलीच.

आफ्रिकन स्वाइन फीवरची गोष्ट निराळी. २०२० साली तो आसाम व अरुणाचलात आणि २०२२ साली केरळच्या वायनाडमध्ये आढळला. माणसाला त्याची बाधा होत नाही. डुकरांना मात्र तो बहुधा जिवंत सोडीत नाही. म्हणून लागणीच्या ठिकाणाभोवती एक किलोमीटर परिघातील डुकरे मारावी लागतात. भरपाईचा भार केंद्र व राज्य निम्मानिम्मा उचलतात. पण रिकामा गोठा लगेच भरता येत नाही, आणि त्या महिन्यांची मिळकत कोणी देत नाही. भरपाई अपुरी वा उशिरा मिळणार असे वाटले, की मालक आजारी जनावर लपवतो किंवा घाईने विकतो, आणि रोग पुढच्या गावी पोहोचतो. तेव्हा वेळेवर दिलेली भरपाई हा रोगनिवारणाचाच भाग होय, असे आम्हांला वाटते.

मार्ककृत शुभवर्तमानात एक माणूस मुक्त होतो आणि सुमारे दोन हजार डुकरे समुद्रात बुडतात. तेथील लोकांनी प्रभूला निघून जाण्याची विनंती केली, म्हणून आपण त्यांना दोष देतो. कळप कोणाचा बुडाला, हे मात्र सहसा विचारीत नाही. ज्यांच्या नुकसानीवर आपले आरोग्य सुरक्षित राहते, त्यांच्याविषयी तरी तो प्रश्न आपण विचारावयास हवा.