अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक, १९१२

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अध्यक्षपदाची एक महत्त्वाची निवडणूक. पक्षाचा उमेदवार सामान्य मतदारांनी ठरवावा की पक्षयंत्रणेने, हा वाद तीत प्रथमच उघडपणे लढला गेला. एकोणिसाव्या शतकात उमेदवारीचा निर्णय पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात जमलेले प्रतिनिधी करीत व हे प्रतिनिधी बहुधा स्थानिक पक्षनेत्यांच्या मुठीत असत. यावर उपाय म्हणून विस्कॉन्सिनने १९०५ मध्ये प्रतिनिधींच्या प्रत्यक्ष निवडीचा कायदा केला. १९१२ पर्यंत सु. बारा राज्यांत प्राथमिक निवडणुकीची पद्धत रूढ झाली होती.

रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान अध्यक्ष विल्यम हॉवर्ड टॅफ्ट यांना १९०८ मध्ये पुढे आणले होते ते थीओडोर रूझवेल्ट यांनीच. पुढे दोघांत वितुष्ट आले आणि पुन्हा उभे न राहण्याचे १९०४ मधील आपले अभिवचन बाजूस सारून रूझवेल्ट रिंगणात उतरले. न्यायालयीन निर्णय लोकमताने फिरविता यावेत, या त्यांच्या सूचनेने पक्षातील सनातनी गट बिथरला. सुधारणावादी रॉबर्ट ला फॉलेट हे तिसरे इच्छुक होते. प्राथमिक निवडणुकांत रूझवेल्ट यांनी नऊ राज्ये जिंकली. त्यांत टॅफ्ट यांचे स्वतःचे ओहायो राज्यही होते.

तथापि जूनमधील शिकागो अधिवेशनात निकाल उलटा लागला. वादग्रस्त २५४ जागांपैकी २३५ जागा पक्षाच्या राष्ट्रीय समितीने टॅफ्ट यांच्या पदरात टाकल्या. दक्षिणेत पक्षाला मतदार थोडे, पण प्रतिनिधी भरपूर; आणि त्यांतील बरेचसे संघशासनाने दिलेल्या नोकऱ्यांवर विसंबून असलेले. रूझवेल्ट यांनी याला चोरी म्हटले. मात्र १९०८ मध्ये टॅफ्ट यांच्यासाठी त्यांनी याच प्रतिनिधींचा उपयोग करून घेतला होता, हे विसरता येत नाही. एकेकाळचे त्यांचे स्नेही व मंत्री एलिहू रूट हे ५५८ विरुद्ध ५०२ मतांनी अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाच पारडे कोठे झुकणार हे स्पष्ट झाले. टॅफ्ट यांना ५६१ मते पडली. रूझवेल्ट यांचे बहुतेक प्रतिनिधी तटस्थ राहिले.

ऑगस्टमध्ये रूझवेल्ट यांनी प्रोग्रेसिव्ह पक्ष स्थापन केला. डेमॉक्रॅटिक पक्षाने बॉल्टिमोर येथे शेहेचाळिसाव्या मतदानफेरीत वुड्रो विल्सन यांना निवडले. तेथे चॅम्प क्लार्क यांना साधे बहुमत मिळूनही दोन-तृतीयांशाच्या नियमामुळे उमेदवारी हुकली. १४ ऑक्टोबर रोजी मिलवॉकी येथे रूझवेल्ट यांच्यावर गोळी झाडण्यात आली. खिशातील भाषणाच्या जाड घडीमुळे व चष्म्याच्या घरामुळे तिचा जोर कमी झाला आणि जखमी अवस्थेतही त्यांनी तासाहून अधिक काळ भाषण केले.

मतदानात विल्सन यांना सु. ४२ टक्के मतांवर ४३५ निर्वाचक मते मिळाली. रूझवेल्ट यांना ८८, तर टॅफ्ट यांना केवळ ८ मिळाली. समाजवादी पक्षाचे यूजीन डेब्झ यांना सु. नऊ लाख मते पडली. रिपब्लिकन फुटीमुळेच विल्सन विजयी झाले, असे सामान्यतः म्हटले जाते. १९०८ मध्ये पराभूत झालेल्या ब्रायन यांच्यापेक्षाही त्यांची मते कमी होती, हे या मताला पोषक आहे. परंतु रूझवेल्ट यांचे सर्व मतदार टॅफ्ट यांच्याकडे वळले असते, असे मानणे धाडसाचे ठरेल.

प्राथमिक निवडणुकांचा प्रभाव यानंतर ओसरला. १९५२ मध्ये एस्टिस कीफॉव्हर यांनी बहुतेक प्राथमिक निवडणुका जिंकूनही उमेदवारी ॲडलाय स्टीव्हन्सन यांना मिळाली, तर १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढविता डेमॉक्रॅटिक उमेदवार झाले. त्यावरून शिकागोत उसळलेल्या असंतोषामुळे पक्षाने आपले नियम बदलले व १९७२ पासून बहुसंख्य प्रतिनिधी मतदारांच्या कौलानुसार ठरू लागले.