आवळणारा आणि आवळवणारे

दमेकऱ्याला दोन पंप का देतात, हा प्रश्न मला शाळेपासून पडलेला. एक आवळलेली श्वासनळी सैल करतो, दुसरा तिची सूज उतरवतो. घरी आम्ही पहिल्यावरच भागवायचो, कारण त्याने लगेच बरं वाटायचं. पुढे वाचत गेलो तेव्हा दिसलं की, या दोन पंपांमागे दम्याचे दोन वेगळे इतिहास आहेत.

पहिला स्नायूचा. लंडनचा डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर स्वतः दमेकरी. मांजर जवळ आलं की त्याचा श्वास अडकायचा. १८६० साली त्याने दम्यावर पुस्तक लिहिलं. श्वासनळीभोवतीचा स्नायू आवळतो आणि नसा त्याला तसं करायला लावतात, असं त्याचं मत. उपाय? कडक कॉफी. हसू नका, कॅफीनने श्वासनळी थोडी सैल होते खरी.

दुसरा इतिहास पेशींचा. १८७८ मध्ये पाउल एर्लिखने पदवीच्या प्रबंधात कणांनी गच्च भरलेल्या काही पेशींचं वर्णन केलं. खाऊन-पिऊन सुखी दिसल्या म्हणून नाव ठेवलं मास्ट पेशी. हिस्टामीनने श्वासनळीचा स्नायू आवळतो हे १९१० मध्ये हेन्री डेलने दाखवलं. ते हिस्टामीन याच पेशींत साठतं हे कळायला १९५३ उजाडलं. तरी हिस्टामीन रोखणाऱ्या गोळ्या दम्यापुढे फिक्याच पडल्या. मास्ट पेशी आणखी काहीतरी सोडत होत्या. ती ल्युकोट्रीन्स होती, हे १९७९ मध्ये बेंग्ट सॅम्युएल्सनने उलगडलं.

मला सर्वांत आवडतो तो २००२ चा लेस्टरमधला अभ्यास. ख्रिस ब्राइटलिंग आणि सहकाऱ्यांनी श्वासनळीचे बारीक तुकडे तपासले. काही दमेकऱ्यांचे, काही निरोगी माणसांचे, तर काही अशा रुग्णांचे की ज्यांना खोकला होता, श्वासनळीत इओसिनोफिल पेशीही दमेकऱ्यांइतक्याच होत्या, पण नळी आवळत नव्हती. मग फरक कुठे होता? दमेकऱ्यांच्या मास्ट पेशी थेट स्नायूच्या आत शिरून बसल्या होत्या. शेजारी नव्हे, घरात!

पुढे त्याच गटाला दिसलं की, स्नायूच रासायनिक सांगावे धाडून त्यांना बोलावतो. बिचारा म्हणून ज्याच्याकडे दीडशे वर्षं पाहिलं, तो यजमान निघाला.

आणि २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात: मोठ्या आणि किशोरवयीन रुग्णांना नुसत्या सैल करणाऱ्या पंपावर ठेवू नका.