मद्यावलंबित्वाचे जैवनिर्देशक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

स्वीडनमधील एरिक विडमार्क यांनी १९२२ मध्ये रक्ताच्या अल्प नमुन्यातून मद्यार्काचे प्रमाण काढण्याची सूक्ष्मपद्धती प्रसिद्ध केली. या पद्धतीने त्या वेळी रक्तात असलेला मद्यार्क तेवढा कळे. काही तासांत तो शरीरातून नाहीसा झाला की पुरावाही संपे. दीर्घकालीन मद्यपानाची खूण हवी असेल, तर त्याने चयापचयात घडविलेला बदल शोधणे क्रमप्राप्त होते.

१९७२ मध्ये रोझाल्की व राऊ यांनी मद्यपींच्या रक्तद्रवात गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सपेप्टिडेज हे विकर वाढलेले दाखविले. परंतु ते पित्तमार्गाच्या विकारांत आणि अपस्माराच्या काही औषधांनीही वाढते. याहून नेमका निर्देशक जवळजवळ अनपेक्षितपणेच हाती आला. १९७६ मध्ये हेलेना स्टिब्लर व केलिन हे स्वीडिश संशोधक निरनिराळ्या कारणांनी कंप असलेल्या रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवातील प्रथिने तपासत होते. मद्यपी रुग्णांत ट्रान्सफेरिन या लोहवाहक प्रथिनाचे रूप त्यांना वेगळे आढळले. त्याच्या काही शर्कराशृंखला गळालेल्या असतात, हे पुढे स्पष्ट झाले. दररोज सुमारे ५० ते ८० ग्रॅम मद्यार्क एक-दोन आठवडे घेतल्यास हे रूप वाढते आणि मद्य सोडल्यावर साधारण दोन आठवड्यांत निम्म्यावर येते. मात्र बेल्जियममधील याकेन यांनी १९८० मध्ये वर्णिलेल्या जन्मजात विकाराच्या बालकांतही असेच सदोष ट्रान्सफेरिन सापडते. त्या बालकांचा मद्याशी संबंध असण्याचा प्रश्नच नव्हता!

१९७६ हेच वर्ष दुसऱ्या एका लेखासाठीही महत्त्वाचे आहे. ग्रिफिथ एडवर्ड्स व मिल्टन ग्रॉस यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मद्यावलंबित्वाच्या लक्षणसमूहाचे वर्णन केले : मद्याची अनावर ओढ, सहनक्षमतेतील वाढ, मद्य थांबताच होणारा त्रास, जीवनातील इतर गोष्टींपेक्षा मद्याला मिळणारे अग्रस्थान. यातील बहुतेक लक्षणे रुग्णाशी बोलल्यावाचून कळत नाहीत. निर्देशक मद्याचे सेवन सांगतो. अवलंबित्व सांगत नाही. निदान आणि मोजमाप यांतील हा भेद पुढील काळात, विशेषतः न्यायालयीन व सेवाविषयक प्रकरणांत, पुष्कळदा विसरला गेला.

मूत्रातील एथिल ग्लुकुरोनाइडच्या बाबतीत याचे परिणाम प्रत्यक्ष दिसले. ही चाचणी अल्प सेवनही काही दिवसांपर्यंत ओळखते. मात्र मद्यार्कयुक्त गुळण्यांची औषधे वा हात निर्जंतुक करणारे द्रव वापरणाऱ्यांतही ती होकारार्थी येऊ शकते. म्हणूनच अमेरिकेच्या 'साम्सा' या शासकीय संस्थेने २००६ मध्ये स्पष्ट सूचना दिली, की मद्यपानास मनाई असलेल्या व्यक्तीने मद्य घेतल्याचा एकमेव पुरावा म्हणून ही चाचणी ग्राह्य धरू नये.